समुद्रात हरपलेल्या मुलींची नावे

बेळगाव आणि निपाणी या भागात दर वर्षी १७ जानेवारीला हुतात्म्यांचे स्मरण होते. १९५६ साली भाषेच्या प्रश्नावरून जे आंदोलन उसळले, त्यात प्राण गेलेल्यांची नावे त्या दिवशी उच्चारली जातात. त्या नावांत निपाणीच्या कमळाबाई मोहिते या एका स्त्रीचेही नाव असते. बेळगावात मराठा पलटणीचे ठाणेही शंभर वर्षांचे जुने. आसपासच्या कितीतरी खेड्यांतून लष्करात गेलेल्या जवानांची घरे आहेत, आणि रणात पडलेल्यांची नावे या मुलखाला परकी नाहीत. नाव घेणे म्हणजे काय, नाव गाळणे म्हणजे काय, हे येथील माणसाला समजावून सांगण्याची गरज पडू नये.

जमिनीवर मरण पावलेल्या माणसाची निदान एक जागा राहते. ख्रिस्ती कुटुंबे २ नोव्हेंबरला थडगी झाडून त्यांवर मेणबत्त्या लावतात, हिंदू घरांत मृताच्या तिथीला पान वाढले जाते, मुसलमान कबरीपाशी उभे राहून फातिहा पढतात. समुद्रावर गेलेल्याच्या बाबतीत यातले पुष्कळसे अवघड होऊन बसते. देह हाती येत नाही, मृत्यूची घटका कित्येकदा निश्चित कळत नाही, आणि घरच्यांच्या मनात ‘कुठे तरी किनाऱ्याला लागला असेल’ ही आशा वर्षानुवर्षे तग धरून राहते. त्यातून मृत व्यक्ती विशी-पंचविशीतली मुलगी असेल, युद्धाच्या काळात नौदलाच्या सेवेत गेलेली असेल, तर प्रश्न आणखी नाजूक होतो. कारण सैनिकाचे मरण म्हटले की समाजाच्या डोळ्यांपुढे जे चित्र उभे राहते, त्यात ती मुलगी कोठेच बसत नाही.

अशी पहिली मुलगी आयर्लंडमधील कॉर्क शहराची होती. तिचे नाव जोसेफीन कार. वय वर्षे एकोणीस. लघुलेखन आणि टंकलेखन जाणणारी ही मुलगी १९१८ च्या सप्टेंबरात ब्रिटिश नौदलाच्या स्त्री-शाखेत कारकून म्हणून दाखल झाली. ही शाखा त्या वेळी नवीनच होती. पहिले महायुद्ध लांबत चालले, पुरुष कमी पडू लागले, तेव्हा १९१७ च्या अखेरीस ती काढण्यात आली. कचेऱ्या, कोठारे, स्वयंपाकघरे आणि संदेशखाती येथील कामे स्त्रियांनी करावयाची, म्हणजे तेवढे पुरुष जहाजांवर जाण्यास मोकळे होतील, असा साधा हिशेब त्यामागे होता. स्त्रियांनी मात्र किनाऱ्यावरच राहावयाचे होते. ‘समुद्रावर कधीच नाही’ असे या शाखेचे चेष्टेने घेतले जाणारे बिरुदच होते.

१० ऑक्टोबर १९१८ रोजी सकाळी जोसेफीन डब्लिनजवळच्या बंदरातून ‘लीन्स्टर’ या टपालबोटीत बसली. आयर्लंड आणि वेल्स यांच्या दरम्यान रोज ये-जा करणारी ही बोट होती. आपल्याकडे रेवस-धरमतरला जाणाऱ्या लाँचमध्ये माणसे बसत, तितक्याच सवयीने लोक तीत बसत. जोसेफीन आपल्या नेमणुकीच्या ठिकाणी चालली होती. बंदर सोडून तासाभराचा अवधी लोटला नाही तोच ‘यू-बी १२३’ या जर्मन पाणबुडीचे पाणतीर बोटीवर आदळले. पाचशेहून अधिक माणसे मेली. बोटीवर टपाल निवडण्याचे काम करणारे बावीस जण होते, त्यांतला एकच वाचला. जोसेफीनचा देह मिळाला नाही. तिचा गणवेश अंगावर चढून जेमतेम महिना झाला होता, आणि युद्ध संपण्यास बरोबर एक महिना आणि एक दिवस उरला होता. ब्रिटिश नौदलाच्या स्त्री-शाखेतील शत्रूच्या हल्ल्यात मरण पावलेली पहिली मुलगी ती हीच. तिला मारणारी पाणबुडीदेखील त्याच महिन्यात, मायदेशी परतत असताना, सुरुंगांच्या पट्ट्यात सापडून सर्व खलाशांसह नाहीशी झाली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. जोसेफीन लढाऊ जहाजावर नव्हती, तोफेपाशी नव्हती. ती तिकीट काढून बसलेल्या उतारूंच्यात होती. पुढे दुसऱ्या महायुद्धातही असेच होत गेले. स्त्रियांना युद्धनौकांवर नेमावयाचे नाही हा नियम कायम होता, परंतु त्यांची कामे जगभर पसरलेल्या तळांवर होती आणि त्या तळांना जाण्याचा रस्ता समुद्रातूनच होता. किनाऱ्यावरच्या नोकरीला निघालेल्या या मुली वाटेत बुडाल्या. नियमाने त्यांना समुद्रापासून दूर ठेवले होते, प्रवासाने त्यांना समुद्राच्या तोंडी दिले. त्यांच्या स्मरणाला जी एक अस्पष्टता चिकटून राहिली तिचे मूळ यातच असावे. ‘लढताना’ मेलेल्याचे स्मारक लोकांना चटकन सुचते, ‘जाताना’ मेलेल्याचे तितके सुचत नाही.

१९३९ साली ही शाखा पुन्हा उभी राहिली आणि १९४४ पर्यंत तिची संख्या सत्तर हजारांच्या वर गेली. आता मुली केवळ टंकलेखन करीत नव्हत्या. शत्रूचे बिनतारी संदेश टिपून घेणे, सांकेतिक लिपी उलगडणे, पाणतीरांची दुरुस्ती करणे, बंदरातील छोट्या बोटी हाकणे, अशी कामे त्यांच्याकडे आली होती. १९४१ च्या ऑगस्टमध्ये जिब्राल्टरच्या तळासाठी सांकेतिक लिपीच्या बारा अधिकारी आणि बिनतारी संदेशांच्या नऊ तज्ज्ञ अशा एकवीस मुली स्वेच्छेने निघाल्या. त्यांच्याबरोबर नौदलाची एक परिचारिका होती. ‘अगिला’ नावाच्या लहानशा व्यापारी जहाजात त्यांना जागा मिळाली. १९ ऑगस्टला हे जहाज ‘यू-२०१’ या पाणबुडीने बुडविले आणि बावीसपैकी एकही मुलगी परत आली नाही. त्यांच्या आईबापांनी आणि स्नेह्यांनी जमविलेल्या पैशातून पुढे वेल्सच्या किनाऱ्यावर एक जीवरक्षक नौका ठेवण्यात आली. तिचे नाव ‘अगिला रेन’. या शाखेतील मुलींना इंग्रजीत त्या चिमुकल्या पक्ष्याच्या नावाने ओळखीत, त्यावरून हे नाव आले. बुडालेल्या मुलींच्या नावाची नौका इतरांना बुडताना वाचवावयास वादळात जात राहिली. यापेक्षा बोलके स्मारक दगडात घडविणे कठीणच.

परंतु सर्वांत मोठा संहार झाला तो अटलांटिकमध्ये नव्हे, तर आपल्या हिंदी महासागरात, मालदीव बेटांजवळ. तो प्रसंग थोडा सविस्तर सांगितला पाहिजे.

१९४४ च्या आरंभी ब्रिटिशांच्या पूर्वेकडील आरमाराचा मुख्य तळ आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून पुन्हा सिलोनला आला. जपान्यांशी व्हावयाच्या लढायांची तयारी तेथून होणार होती. त्यामुळे आफ्रिकेतून तोफखाना, परिचारिका आणि नौदलाच्या मुली सिलोनकडे हलविण्यात येत होत्या. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोंबासा बंदरातून पाच उतारू जहाजांचा तांडा कोलंबोला निघाला. त्यांत ‘खेदिव इस्माइल’ हे सुमारे साडेसात हजार टनांचे जहाज होते. १९२२ साली दक्षिण अमेरिकेतील चिली देशासाठी बांधलेले, नंतर इजिप्तच्या कंपनीने घेतलेले आणि युद्धकाळात ब्रिटिशांनी सैन्यवाहू म्हणून ताब्यात घेतलेले असे हे जहाज. त्यावर १,५११ माणसे होती. पूर्व आफ्रिकेच्या तोफखाना पलटणीचे सुमारे एक हजार जवान, नौदलाचे पुरुष, चोपन्न लष्करी परिचारिका, नौदलाच्या स्त्री-शाखेतील एकोणीस मुली, इतर लष्करी सेवेतील काही स्त्रिया, आणि जहाज चालविणारे खलाशी, ज्यांत हिंदी माणसे होती.

१२ फेब्रुवारी, शनिवार. दुपारचे अडीच वाजून गेले होते. समुद्र शांत होता आणि पुष्कळ प्रवासी डेकखालच्या दिवाणखान्यात गाणे-वाजविणे ऐकत बसले होते. ‘आय-२७’ या जपानी पाणबुडीने सोडलेले दोन पाणतीर जहाजावर आदळले, आणि दोन मिनिटांच्या आत ते दिसेनासे झाले. दोन मिनिटे म्हणजे किती, हे ज्याने त्याने घड्याळाकडे पाहून ठरवावे. खालच्या मजल्यावरून वर येणारा जिना गाठण्याइतकाही तो अवकाश नव्हे. वर डेकवर असलेल्यांपैकी काहींनी उड्या टाकल्या, काही लाटेने बाहेर फेकले गेले.

त्यानंतर जे घडले त्याची चर्चा आजही होत असते. सोबतच्या ‘पेटार्ड’ आणि ‘पॅलॅडिन’ या दोन विनाशिकांना पाणबुडीचा माग लागला, पण पाणबुडी नेमकी पाण्यात तरंगणाऱ्या माणसांच्या खाली दडलेली होती. तिला मोकळी सोडावी तर तांड्यातील उरलेल्या चार जहाजांवरची हजारो माणसे धोक्यात येणार. तिच्यावर खोल पाण्यात फुटणारे बॉम्ब टाकावेत तर वाचलेल्यांपैकी काही जण त्या स्फोटाने मरणार. ‘पेटार्ड’च्या कप्तानाने बॉम्ब टाकले. अडीच तासांच्या झुंजीनंतर पाणबुडी बुडाली. या निर्णयाला क्रौर्य म्हणणे सोपे आहे. परंतु त्या क्षणी त्या पुलावर उभा राहून दुसरा कोणता निर्णय न्याय्य ठरला असता, हे सांगणे सोपे नाही. ज्यांच्या माणसांचे प्राण त्या पाण्यात गेले त्यांना मात्र हा युक्तिवाद कधीच पुरेसा वाटला नसेल, आणि तसे वाटावे अशी अपेक्षाही कोणी करू नये.

१,२९७ माणसे मेली. त्यांत ७७ स्त्रिया होत्या. राष्ट्रकुलाच्या सैन्यांतील स्त्रियांची एका घटनेत झालेली ही सर्वांत मोठी हानी मानली जाते. स्त्रियांपैकी अवघ्या सहा वाचल्या. नौदलाच्या एकोणीस मुलींपैकी दोन.

आता या मृतांचे स्मरण कोठे केले जाते ते पाहण्यासारखे आहे. एकाच जहाजात, एकाच दोन मिनिटांत मेलेली ही माणसे स्मारकांवर मात्र निरनिराळ्या देशांत विखुरली गेली. ब्रिटिश नौदलातील ज्यांना समुद्राखेरीज कबर नाही अशांसाठी इंग्लंडमध्ये चॅथम, पोर्ट्समथ आणि प्लिमथ या तीन बंदरांत एकाच घडणीचे तीन उंच स्तंभ आहेत. बंदरात येणाऱ्या जहाजांना दुरून खूण म्हणून उपयोगी पडावेत, हाही ते उभारताना विचार होता. त्यांवरील कांस्यपत्रांवर पुरुषांबरोबर या मुलींचीही नावे आहेत. जोसेफीन कारचे नाव प्लिमथला आहे. बुडालेल्या लष्करी परिचारिकांची नावे लंडनजवळ ब्रुकवुड येथे, तर आफ्रिकी तोफखान्याच्या जवानांचे स्मरण नैरोबीला केलेले आहे. आणि हिंदी खलाशी? दुसऱ्या महायुद्धात समुद्रात हरवलेल्या हिंदी खलाशांसाठी दगडी स्तंभ नाही, ग्रंथ आहे. व्यापारी जहाजांवरील सुमारे सहा हजार हिंदी खलाशी आणि त्या वेळच्या शाही हिंदी नौदलाचे चारशेहून अधिक नौसैनिक यांची नावे जुळ्या स्मरणग्रंथांत लिहिलेली आहेत. त्यांतला एक ग्रंथ मुंबईत मस्जिद बंदरानजीकच्या खलाशीगृहात ठेवला, दुसरा चितगावला. पहिल्या महायुद्धातील दोन हजारांवर खलाशांचे स्मारकही मुंबईच्या त्याच वास्तूत आहे.

हे खलाशी कोण होते ते मराठी वाचकाला परके नसावे. मुंबई बंदरातून भरती होणाऱ्या जहाजांवर रत्नागिरीकडचे मुसलमान डेकवर आणि गोव्याचे ख्रिस्ती स्वयंपाकघरात व भोजनगृहात, अशी जुनी वहिवाट होती. धोबी तलावाच्या परिसरात गोमंतकीय गावांनी आपापल्या खलाशांसाठी चालविलेल्या ‘कुडी’ होत्या. सफरीवर निघण्यापूर्वी ट्रंक तेथे ठेवावयाची आणि परत आल्यावर उचलावयाची. युद्धाच्या वर्षांत उचलावयास कोणी न आलेल्या ट्रंका तेथे राहिल्या असतील, आणि त्यांच्या मालकांच्या आया घाटाखालच्या गावांतून टपालाची वाट पाहत असतील. परिचारिकेच्या आईचे दुःख आणि खानसाम्याच्या आईचे दुःख यांत समुद्राने काही फरक केलेला नव्हता.

फरक केला तो माणसांनी. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोग १९१७ साली स्थापन झाला तो, प्रत्येक मृताचे स्मरण नावाने करावयाचे आणि पदवी, वर्ण, धर्म यांवरून भेद करावयाचा नाही, अशी प्रतिज्ञा करून. तथापि २०२१ साली आयोगाच्याच एका विशेष समितीने मान्य केले की पहिल्या महायुद्धाच्या बाबतीत ही प्रतिज्ञा सर्वत्र पाळली गेली नाही. हिंदुस्थान, आफ्रिका आणि मध्यपूर्व येथील निदान ४५,००० मृतांचे स्मरण इतरांहून कमी दर्जाने झाले. आणखी एक लाखाहून अधिक, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत, माणसांचे स्मरण नावाने झाले नाही किंवा मुळीच झाले नाही. आयोगाने क्षमा मागितली आणि नावांचा शोध हाती घेतला. शंभर वर्षांनंतरची ही कबुली उशिराची खरी, पण निरर्थक म्हणता येणार नाही. नावे शोधू म्हटले तर ती अजूनही सापडतात. गावच्या दप्तरात, चर्चच्या वहीत, निवृत्तिवेतनाच्या कागदात ती पडलेली असतात.

हिंदी मुलींचे काय, असे कोणी विचारील. १९४२ साली हिंदुस्थानात स्त्रियांचे साहाय्यक दल निघाले आणि त्याच्या नौदलीय विभागातून पुढे ‘विमेन्स रॉयल इंडियन नेव्हल सर्व्हिस’ ही स्वतंत्र ओळख असलेली शाखा तयार झाली. मुंबईसारख्या बंदरांतील नौदलाच्या कचेऱ्यांत या मुलींनी संदेशांची, हिशेबांची आणि कारकुनीची कामे केली. हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती आणि अँग्लो-इंडियन अशा सर्व समाजांतील मुली एका खोलीत बसून एकाच हुकमाखाली काम करीत, हीच त्या काळी लहान गोष्ट नव्हती. १९४५ च्या उन्हाळ्यात या शाखेतील सेकंड ऑफिसर कल्याणी सेन या प्रशिक्षणाच्या पाहणीसाठी दोन महिने ब्रिटनला गेल्या. गणवेश म्हणून साडी नेसून स्कॉटलंडच्या रोसाइथ बंदरात उभ्या असलेल्या त्यांचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. सैन्यसेवेतील हिंदी स्त्रीने ब्रिटनला दिलेली ती पहिली भेट होय. स्वातंत्र्यानंतर ही शाखा चालू राहिली नाही. डॉक्टरी पेशा वगळता भारतीय नौदलाचे दार स्त्री अधिकाऱ्यांना पुन्हा उघडले ते १९९२ साली. मधली पंचेचाळीस वर्षे म्हणजे दोन पिढ्या. त्या अवधीत आधीच्या मुलींची आठवण पुढच्या मुलींच्या हाती देणारे कोणी उरले नाही, आणि नव्याने भरती झालेल्यांना आपण अगदी पहिल्याच आहोत असे वाटले तर त्यात त्यांचा दोष नव्हता.

बेळगावहून चोर्ल्याचा किंवा अनमोडचा घाट उतरला की गोवा. तेथील दाभोळी येथे नौदलाच्या विमानांचा ‘हंसा’ हा तळ आहे. २४ मार्च २०१५ च्या रात्री या तळावरून सरावासाठी उडालेले एक डॉर्नियर विमान गोव्याच्या नैर्ऋत्येस समुद्रात कोसळले. युद्ध चालू नव्हते. परंतु अंधारात समुद्रावर टेहळणी करण्याचा सराव युद्धासाठीच असतो. मुख्य वैमानिकाला मासेमारी बोटीने वाचविले. सहवैमानिक लेफ्टनंट अभिनव नागोरी आणि निरीक्षक अधिकारी लेफ्टनंट किरण शेखावत या दोघांचा ठाव लागला नाही.

किरण शेखावत नौदलाच्याच घरातल्या. वडिलांनी नौदलात सेवा केलेली, पतीही नौदलात अधिकारी. २०१० मध्ये त्या नौदलात दाखल झाल्या होत्या. त्याच वर्षीच्या म्हणजे २०१५ च्या प्रजासत्ताक दिनी दिल्लीच्या संचलनात नौदलाच्या स्त्रियांची स्वतंत्र तुकडी प्रथमच चालली, तीत त्या होत्या. त्याला दोन महिनेही पुरते झाले नव्हते. जोसेफीन कारच्या काळी स्त्रीने समुद्रावर जावयाचे नव्हते. किरण शेखावत समुद्रावरच्या आकाशात आपल्या कामाच्या आसनावर बसलेल्या होत्या. नौदलाच्या सेवेत कर्तव्यावर असताना प्राण गमावलेल्या त्या पहिल्या भारतीय स्त्री अधिकारी.

नौदलाने जहाजे आणि पाणबुडे लावून शोध चालविला. ‘मकर’ या सर्वेक्षण जहाजाला समुद्रतळाशी विमानाचे अवशेष लागले, आणि तिसऱ्या दिवशी त्या अवशेषांतून किरण शेखावत यांचा देह पाणबुड्यांनी वर काढला. हरयाणातील मेवात भागात, समुद्रापासून शेकडो कोस दूर असलेल्या कुर्थला या त्यांच्या सासरच्या गावी, नौदलाच्या मानवंदनेसह त्यांच्यावर अंत्यसंस्कार झाले. त्या गावी आता त्यांच्या नावाचे उद्यान आहे.